गाड्या मोजल्या, पण नेमक्या कुठल्या रस्त्यावरच्या?

नवा उड्डाणपूल, नवी एकेरी वाहतूक, सिग्नलची बदललेली वेळ. यातल्या प्रत्येक निर्णयामागे 'ट्रॅफिक काउंट' नावाचा एक आकडा असतो. तो आकडा नकाशावरच्या चुकीच्या रेषेला चिकटला, तर काय होतं?

चौकाच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पॅडवर रेघा ओढणारी मुलं तुम्ही कधी ना कधी पाहिली असतील. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाला पाचांचा गठ्ठा. दुचाकीचा रकाना वेगळा, रिक्षाचा वेगळा, बसचा वेगळा. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. हल्ली हे काम बऱ्याचदा खांबाला बांधलेला कॅमेरा करतो आणि मागाहून सॉफ्टवेअर गाड्या मोजतं. मुलं असोत की कॅमेरा, हाती शेवटी आकडाच येतो : अमुक चौकात, अमुक तासाला, एवढ्या गाड्या.

पुढे या आकड्याचं काय होतं, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. तो सल्लागार कंपनीच्या संगणकात जातो. तिथे तुमच्या शहराचं एक मॉडेल तयार असतं. त्यात चौक म्हणजे ठिपके आणि रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा. ही कल्पना जुनी आहे. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, या कोड्याचं उत्तर ऑयलरने १७३६ मध्ये अशाच ठिपक्या-रेषांनी दिलं होतं (येत नाही!). आजची मॉडेल्स हजारो रेषांची असतात आणि प्रत्येक रेषेवर लांबी, लेन, वेगमर्यादा, दिशा अशी माहिती चिकटवलेली असते.

मोजणीचा आकडा एकीकडे आणि रेषांचं जाळं दुसरीकडे. या दोघांची गाठ घालायची, म्हणजे 'हा आकडा या रेषेचा' असं ठरवायचं, हे काम ऐकायला कारकुनी वाटतं. पण पुढच्या कोट्यवधींच्या खर्चाचा पाया इथेच पडतो.

तीन पूल, तीन तऱ्हा

पुण्यातलं डेक्कन डोळ्यांसमोर आणा. पुण्याचे नसाल तरी हरकत नाही, तुमच्या शहरातही असं एखादं ठिकाण असणारच. मुठा नदी ओलांडून पेठांमध्ये जायला इथे थोड्या अंतरात तीन पूल आहेत : लकडी पूल, झेड ब्रिज आणि भिडे पूल. संगणकाला या तीन जवळजवळ सारख्या रेषा दिसतात. अल्याडचा ठिपका, पल्याडचा ठिपका, मध्ये नदी. लांबीतही फार मोठा फरक नाही.

पुणेकराला विचारा, तो सांगेल की या तिघांची तुलनाच होत नाही. लकडी पुलावर कित्येक वर्षं दुचाकींना बंदी होती. झेड ब्रिज दुचाकींचा, तिथे चारचाकी चालत नाही. आणि भिडे पूल तर नदीपात्राला टेकलेला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, की तो पाण्याखाली जातो आणि 'भिडे पूल बुडाला' ही पुण्याची पावसाळ्यातली ठरलेली बातमी होते.

आता समजा, बंदीच्या काळात कुणी लकडी पुलावर मोजणी केली. दुचाकींच्या रकान्यात जवळपास काहीच नाही, आणि मॉडेल सांगतंय की इथून हजारो दुचाकी जायला हव्यात. कोण चुकलं? मोजणारा मुलगा अजिबात चुकलेला नाही. रेषेवर 'दुचाकींना बंदी' ही पाटी लावायची राहिलेली आहे. उलट बाजूने पाहा. भिडे पुलाची मोजणी मे महिन्यात झाली आणि तोच आकडा वर्षभराचा म्हणून वापरला, तर जुलैमध्ये पूल पाण्याखाली असतानाही मॉडेल त्यावरून गाड्या पळवत राहील. संगणकाला ओले पाय कळत नाहीत.

म्हणजे जुळणी करताना फक्त जागा जुळून भागत नाही. कुठली वाहनं, कुठल्या दिवसात, कुठल्या नियमाखाली, हे सगळं जुळावं लागतं. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो आणि रस्त्याचा एक भाग गाड्यांसाठी बंद असतो. त्या दिवशीची मोजणी तारीख न पाहता मॉडेलमध्ये गेली, तर पेठांमधला सगळ्यात गजबजलेला रस्ता कागदावर ओसाड ठरेल.

नाव एक, पत्ता दुसरा

जागा जुळवणं तरी सोपं आहे का? पहिला घोळ नावांचा. सगळं पुणे ज्याला एफसी रोड म्हणतं, त्याचं कागदोपत्री नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ. झेड ब्रिजचं अधिकृत नाव काकासाहेब गाडगीळ पूल. मोजणी करणाऱ्याने बोलीतलं नाव लिहिलं आणि नकाशात अधिकृत नाव असलं, की संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे रस्ते. त्यात इंग्रजी स्पेलिंगची गंमत वेगळीच. एकाच चौकाचं नाव चार अहवालांत चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

मग म्हणाल, नाव सोडा, जीपीएस घ्या. अक्षांश-रेखांश टाकले, की जवळची रेषा आपोआप मिळेल. पण मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडे-तिकडे होतं. उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. आपल्याकडे मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांच्यात कित्येकदा एक दुभाजक आणि चार कुंड्या एवढंच अंतर असतं. सर्व्हिस रोडचा आकडा हायवेला आणि हायवेचा सर्व्हिस रोडला चिकटायला वेळ लागत नाही.

उड्डाणपुलाची गोष्ट तर आणखी अवघड. वरून जाणारा रस्ता आणि खालून जाणारा रस्ता यांचे अक्षांश-रेखांश एकच! फरक फक्त उंचीचा, आणि मोजणीच्या तक्त्यात उंचीचा रकाना सहसा नसतोच. 'पुलावर मोजलं की पुलाखाली', हे एक वाक्य लिहायचं राहिलं, तर पुढच्या माणसाला अंदाजच करावा लागतो.

तिसरी अडचण दिशेची. दुभाजक असलेला रस्ता नकाशावर बहुतेक वेळा दोन रेषांनी काढतात, जाणारी एक आणि येणारी एक. साधा रस्ता एकाच रेषेचा. मोजणीत मात्र दोन्ही बाजूंच्या गाड्यांची मिळून एकच बेरीज असू शकते. ती बेरीज एकाच रेषेवर टाकली, की त्या बाजूला दुप्पट गर्दी आणि समोरची बाजू रिकामी. एफसी रोड आणि जेएम रोड ही तर एकेरी रस्त्यांची जोडी. तिथे एकाचा आकडा दुसऱ्यावर गेला, तर अख्खी वाहतूकच उलट दिशेने वाहू लागेल.

यावर उपाय नाहीत असं नाही. चालत्या गाडीच्या जीपीएस ठिपक्यांवरून तिचा रस्ता ओळखण्याची एक गाजलेली पद्धत मायक्रोसॉफ्टच्या पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी २००९ मध्ये मांडली. त्यात दोन प्रश्न एकत्र विचारले जातात. ठिपका रेषेपासून किती दूर आहे? आणि आधीच्या ठिपक्यापासून इथपर्यंत या रस्त्यांनी खरंच येता येतं का? जवळची रेषा दिसते म्हणून लगेच तिच्यावर उडी मारायची नाही, मागचा-पुढचा संदर्भ पाहायचा. एका जागी बसून केलेल्या मोजणीत मात्र मागचा-पुढचा ठिपका नसतो. तिथे नाव, दिशा, रस्त्याचा प्रकार असे सगळे धागे जुळवून पाहावे लागतात.

आणखी एक तपासणी आहे, जी तुम्हालाही करता येईल. चौकात एका तासात जेवढ्या गाड्या शिरल्या, साधारण तेवढ्याच बाहेर पडायला हव्यात. चौक काही गाड्या गिळत नाही! आवक आणि जावक यांत मोठी तफावत दिसली, तर एखादा आकडा चुकीच्या हाताला लागलाय किंवा मोजणीतच गडबड आहे.

हातगाडी म्हणजे तीन मोटारी

आकडा योग्य रेषेवर बसला असं धरू. आता प्रश्न असा, की एक गाडी म्हणजे किती गाडी? बस आणि स्कूटर दोन्ही 'एक'च मोजायच्या का? म्हणून इंजिनिअर सगळ्या वाहनांचं मोटारीच्या भाषेत रूपांतर करतात. त्या एककाला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत याचा तक्ता आहे. मोटार म्हणजे १. दुचाकी ०.५, पण रस्त्यावर दुचाकींचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर ०.७५. बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. टांगा १.५ ते २. आणि हातगाडी? २ ते ३. म्हणजे एक हातगाडी तीन मोटारींएवढा रस्ता अडवते, असं हा तक्ता मानतो.

याचा परिणाम पाहा. समजा एका रस्त्यावर तासाला २,००० दुचाकी आणि ५०० मोटारी गेल्या. दुचाकीला ०.५ धरलं तर १,५०० पीसीयू. ०.७५ धरलं तर २,०००. रस्ता तोच, गाड्या त्याच, पण कागदावर ५०० मोटारींची भर पडली! एका आकड्यावर रस्ता 'ठीक चाललाय' आणि दुसऱ्यावर 'रुंदीकरण हवं'. २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांसाठी नवी क्षमता-पुस्तिका काढली. त्यामुळे कुठल्याही अहवालात कुठला तक्ता वापरला, हे पाहायलाच हवं. दोन वर्षांच्या दोन अहवालांत दोन वेगळे तक्ते असतील, तर त्यांची तुलना म्हणजे आंबे आणि फणस एकाच तराजूत.

आणि एक गोष्ट लक्षात आली का? या तक्त्यात टांगा आहे, हातगाडी आहे, सायकल आहे. पायी चालणारा माणूस नाही. त्याची मोजणी वेगळी करावी लागते आणि ती केली तरच होते. तुम्ही-आम्ही कॉलेजला चालत जातो, बसस्टॉपवरून धावत रस्ता ओलांडतो. त्या हिशेबात आपण बऱ्याचदा नसतोच.

'मॅप्सवर लाल दिसतंय ना!'

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच, की मुलं बसवायची कशाला, गूगल मॅप्सला सगळं माहीत असतं. २०२० च्या फेब्रुवारीत सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने एक व्हिडिओ टाकला. त्याने एका छोट्या हातगाडीत ९९ जुने स्मार्टफोन भरले आणि ती ओढत तो बर्लिनच्या रस्त्यांवरून रमतगमत चालला. मॅप्सवर तो रिकामा रस्ता लाल झाला. ९९ फोन हळूहळू सरकतायत म्हणजे जाम असणार, असा अर्थ लावला गेला.

कंपन्यांनी पुढे आपल्या पद्धती सुधारल्या असतील. मुद्दा तो नाही. फोनवरून मुख्यतः वेग कळतो, संख्या कळत नाही. एका बसमध्ये पन्नास फोन असतात, एखाद्या टेम्पोत एकही चालू नसतो. लाल रेषा सांगते की गाड्या हळू चालल्यात. किती आणि कुठल्या, हे सांगायला मोजणीच लागते. म्हणून दोन्हींची जोड लागते आणि ती जोड लागतानाही पुन्हा तोच प्रश्न येतो : दोन्हींची रेषा एकच आहे ना?

चुकीचा आकडा गप्प बसत नाही

एका चौकाचा आकडा चुकला तर एवढं काय, असं वाटू शकतं. पण मॉडेलमध्ये चूक एका जागी थांबत नाही. शहराचे समजा १०० विभाग केले. प्रत्येक विभागातून इतर ९९ विभागांकडे जाणारे प्रवास धरले, तर ९,९०० जोड्या होतात. त्या ओळखायला हाताशी मोजणीची ठिकाणं असतात शे-दोनशे. म्हणजे अज्ञात गोष्टी हजारोंनी आणि पुरावे मूठभर. अशा वेळी संगणक प्रवासांचे आकडे कमी-जास्त करत राहतो, जोवर मोजणीशी मेळ बसत नाही. पुलाखालचा आकडा चुकून पुलावर बसलेला असेल, तर तो मेळ घालण्यासाठी संगणक कधीच न झालेले प्रवास इमानेइतबारे तयार करेल. मग त्या प्रवाशांसाठी पुढचा उड्डाणपूलही सुचवेल.

मेळ बसला की नाही, हे तपासायचीही फूटपट्टी आहे. १९७० च्या दशकात लंडनमध्ये जेफ्री हेव्हर्स यांनी एक सूत्र काढलं. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'जीईएच' म्हणतात. मॉडेलचा तासाचा आकडा आणि मोजलेला आकडा यात घातले, की एक गुण मिळतो. ब्रिटनमधला संकेत असा, की किमान ८५ टक्के ठिकाणी तो ५ पेक्षा कमी हवा. मोठ्या आणि छोट्या रस्त्यांना टक्केवारीचा एकच नियम लावता येत नाही, म्हणून हे सूत्र आलं. पण त्याची मेख समजून घ्या. मोजलेल्या गाड्या १,००० आणि मॉडेलचा आकडा १,२००, तर गुण साधारण ६, म्हणजे नापास. मोजलेल्या १०० आणि मॉडेलच्या १५०, तर साधारण ४.५, म्हणजे पास! छोट्या गल्लीत दीडपट चूक खपून जाते. मोठ्या रस्त्यांच्या दृष्टीने हे चालतं. पण तुमचं घर त्या गल्लीत असेल आणि मॉडेलच्या भरवशावर तिथे वाहतूक वळवणार असतील, तर 'आमचं मॉडेल ८५ टक्के ठिकाणी पास आहे' हे उत्तर तुम्हाला पुरणार नाही.

पूल झाल्यावर कोण मोजतं?

मुंबईचं उदाहरण घ्या. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. रोज ७० हजारांहून जास्त वाहनं त्यावरून जातील, असा अंदाज तेव्हा वारंवार सांगितला गेला. पहिल्या वर्षात प्रत्यक्षात सुमारे ८३ लाख वाहनं गेली, म्हणजे दिवसाला सरासरी २२-२३ हजार. मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये. दोन्ही टोकांना जोडणारे सगळे रस्ते सुरुवातीलाच तयार नव्हते. नवी मुंबईचं विमानतळही तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. पूल वाईट, असा याचा अर्थ नाही. पुढे त्यावरची वाहनं वाढूही शकतात. पण रेषा काढली म्हणजे गाड्या आल्या असं होत नाही, हे यातून दिसतं. टोल, जोडरस्ते, पलीकडे जायचं कारण, हे सगळं त्या रेषेवर लिहावं लागतं.

टोलनाक्यामुळे इथे निदान गाडी न् गाडी मोजली जाते, म्हणून अंदाज आणि वास्तव यांची तुलना तरी करता आली. शहरातल्या बिनटोल उड्डाणपुलांचं काय? पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडला. तो उभा राहून दोन दशकंही झाली नव्हती. तो बांधताना केलेला अंदाज आणि नंतरची खरी वाहतूक यांची जुळणी सगळ्यांना पाहता येईल अशी मांडली असती, तर पुढच्या पुलाच्या चर्चेत आपल्याला बोलायला काही आधार असता.

ब्रिटनचा वाहतूक विभाग आपली मोजणी सगळ्यांसाठी खुली ठेवतो. तिथे प्रत्येक मोजणी-ठिकाणाला क्रमांक असतो. सोबत अक्षांश-रेखांश, रस्त्याचं नाव, तो तुकडा कुठल्या जंक्शनपासून कुठल्या जंक्शनपर्यंत आहे आणि त्याची लांबी, हेही दिलेलं असतं. म्हणजे आकडा कुठल्या रेषेचा, हे मोजणाऱ्यानेच सांगून ठेवलेलं असतं. नंतर कुणी अंदाज बांधायची गरज कमी. यासाठी फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही, तक्त्यात चार रकाने जास्त लागतात.

आपल्याकडेही शिस्तीचे नियम आहेत. शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ मध्येच सांगून ठेवलंय, की वर्षातून दोनदा, सलग सात दिवस मोजा. एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या हंगामात, एकदा इतर वेळी. ज्याने उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास काढलाय, त्याला यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

तुम्ही विचारायचे सहा प्रश्न

पुढच्या वेळी तुमच्या भागात रस्ता रुंद करायचा, झाडं काढायची किंवा वाहतूक एकेरी करायची चर्चा निघाली आणि कुणी 'सर्व्हेमध्ये आलंय' असं म्हटलं, तर हे विचारा :

१. मोजणी नेमकी कुठे केली? पुलावर की खाली, मुख्य रस्त्यावर की सर्व्हिस रोडवर?
२. कुठल्या तारखेला? सुट्टी, परीक्षा, पाऊस, खोदकाम असं काही होतं का?
३. दिशा वेगळ्या मोजल्या की बेरीज दिली?
४. वाहनांचं पीसीयूत रूपांतर कुठल्या तक्त्याने केलं? पादचारी आणि सायकली मोजल्या का?
५. मॉडेलमधला नकाशा कुठल्या वर्षाचा? मोजणी त्याच वर्षाची आहे का?
६. मॉडेल आणि मोजणी यांच्यात किती फरक आला, आणि आमच्या रस्त्यावर किती?

अहवाल सार्वजनिक नसेल, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्जात 'ट्रॅफिक सर्व्हे द्या' एवढंच लिहू नका. मोजणीची ठिकाणं दाखवणारा नकाशा आणि मूळ तक्ते मागा. अहवालातल्या रंगीत आलेखांपेक्षा ते दोन कागद जास्त बोलतात.

आणि हो, मोजणी तुम्हीही करू शकता. चार मित्र, चार रस्ते, एक तास, कागद-पेन. कॉलेजच्या चौकात किती जण चालत येतात आणि त्यांना रस्ता ओलांडायला सिग्नल किती सेकंद देतो, हे मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त कागदाच्या वर कुठे, कधी आणि कुठल्या दिशेने हे आधी लिहा. त्याशिवाय तो कागद नगरसेवकाच्या टेबलावर ठेवून उपयोग नाही.